रोज चारशे सतरा

नेमत आगांना जाऊन अकरा दिवस झाले होते, आणि त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्यांनी शेअर विकत घेतले.

हे असं सांगितलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात. मी तीस वर्षं आमच्या यझ्द गावातल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या बायकांची मी जन्मभर टर उडवत आले. तेव्हा जे झालं ते जसं झालं तसंच सांगते, त्यात माझ्या पदरचं काही घालत नाही. माझ्या पदरी जे पाप आहे ते ओघात येईलच.

आमच्या ब्रोकरच्या ऑफिसात तळमजल्यावर एक हॉल आहे. भिंतीवर भला मोठा पडदा, त्यावर कंपन्यांची नावं आणि भाव, समोर खुर्च्यांच्या सहा रांगा. एके काळी तिथे बसायला जागा मिळत नसे. आता सगळे फोनवरच घेतात नि विकतात, त्यामुळे आम्ही पाच जणच उरलो होतो. घरात एकट्याने नुकसान बघण्यापेक्षा चौघांत बसून बघितलेलं बरं, एवढाच त्यामागे हिशेब. शनिवार ते बुधवार, सकाळी साडेआठला हजर. चहाचा समोवार आमचाच होता.

पाच जण म्हणजे कोण ते सांगते. मन्सूर आगा, गालिच्यांचे व्यापारी, दुकान मुलांकडे सोपवून आलेले, आवाज मोठा आणि मत त्याहून मोठं. रुस्तम आगा, झरतुष्टी, औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेले. यांना जगात चांगलं काही होईल असं कधी वाटलंच नाही आणि बहुतेक वेळा त्यांचंच खरं ठरलं. इरज आगा, पोस्टात होते, बोलणं कमी आणि रडणं लवकर. मी बद्री, एकटी बाई, म्हणून सगळ्यांना दरडावण्याचा हक्क माझ्याकडे. आणि पाचवे नेमत आगा.

पाचही जणांची जन्माची पुंजी अडकली होती एकाच कंपनीत. फानूस नीरू. गावाबाहेर तिचं वीज केंद्र आहे, तीन टर्बाइनचं. नेमत आगांनी त्या केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं काढली होती. त्यांचा बिल्ला नंबर चारशे सतरा. शेअर घ्यायचे तर चारशे सतरा, नाहीतर त्याच्या दुप्पट, तिप्पट. पाचशे घ्या म्हटलं तर नाही. रुस्तम आगा म्हणायचे, "यांना कबरीचा नंबरसुद्धा तोच लागेल." नेमत आगा हसायचे. त्यांचं घर केंद्राच्या बाजूलाच होतं. गच्चीवर उभं राहून नुसत्या घरघरीवरून आज किती टर्बाइन चालू आहेत ते ते सांगत, आणि आम्ही त्या सांगण्यावर शेअर घेत होतो. आमचा सगळा अभ्यास तो एवढाच.

गेल्या शरदात एका मंगळवारी ते हॉलमध्ये आले ते बसलेच नाहीत. पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "दोन नंबरचं टर्बाइन गेलं. सुटा भाग परदेशातून यायला हवा आणि निर्बंधांमुळे तो येणार नाही. उद्या सकाळी कंपनीची नोटीस लागेल."

उद्या नोटीस म्हणजे आज आम्हाला एक दिवस आधी कळलं होतं. प्रत्येकाच्या डोक्यात एकच विचार आला असणार, माझ्या तर आलाच. नेमत आगांना तो दिसला. ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं कारण तुमच्यापासून लपवून इथे चहा पिणं मला जमलं नसतं. पण आपण पळायचं नाही. ज्याने मला सांगितलं त्याची नोकरी जाईल. आणि आपण विकू ते कोण घेईल? ज्याला अजून माहीत नाही असा कोणीतरी आपल्यासारखाच."

मन्सूर आगांना असल्या प्रसंगी चेव येतो. त्यांनी समोरच्या भट्टीवरून गरम नान आणवली, टेबलावर मिठाची वाटी ठेवली आणि म्हणाले, शपथ घ्या. टर्बाइन दुरुस्त होईपर्यंत कोणी एक शेअर विकणार नाही. विकला तर हे मीठ त्याला बाधो. आम्ही पाचही जणांनी तुकडा मोडून मिठाला लावून खाल्ला. नेमत आगांनी खाताना डोळे मिटले होते. मी तो तुकडा चहाबरोबर गिळला.

दुसऱ्या दिवशी पावणेनऊला मी विकायची ऑर्डर टाकली.

कारण होतं. कारणाशिवाय कोण मिठाची शपथ मोडतं? माझी मुलगी शेकूफे इस्फहानला भाड्याने राहते. घरमालकाने अनामत दुप्पट मागितली होती, नाहीतर महिनाअखेर सामान रस्त्यावर. तिच्या पदरात दोन लहानगी. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. आमच्याकडे पावणेनऊला ऑर्डरी घ्यायला सुरुवात होते आणि नऊला बाजार उघडतो. घड्याळात पावणेनऊ झाले आणि मी बटण दाबलं. सगळ्यात खालचा भाव, सगळे शेअर, आणि खाली 'रद्द करेपर्यंत कायम' या चौकटीत खूण. आठ पन्नासला कंपनीची नोटीस लागली. नऊ वाजेपर्यंत खरेदीदार पळाले होते. जे थोडे उरले होते त्यांनी माझे निम्मे शेअर घेतले, कारण रांगेत पहिली मी होते. मग लोअर सर्किट लागलं, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला जाऊन अडकला, विकणाऱ्यांची रांग तीन कोटींच्या घरात गेली आणि घेणारा एकही नाही. माझे उरलेले निम्मे शेअर रांगेच्या तोंडाशी तसेच अडकून राहिले. शेकूफेची अनामत भरली गेली. मी साडेनऊला हॉलमध्ये जाऊन बसले आणि सगळ्यांबरोबर हळहळले.

त्यानंतर रोज तेच. पडद्यावर फानूससमोर विकणारे तीन कोटी, घेणारे शून्य, झालेले व्यवहार शून्य. व्यवहारच नाहीत म्हटल्यावर भाव तरी कसा हलणार? तो होता तिथेच थिजला. आम्ही रोज तासन्‌तास त्याच कंपनीच्या भवितव्यावर वाद घालत होतो. मन्सूर आगांचं म्हणणं, सगळा देश विजेसाठी टाहो फोडतोय, मग वीज बनवणारी कंपनी बुडेलच कशी. रुस्तम आगा म्हणत, वीज बनवून काय उपयोग. घेतं सरकार, भाव ठरवतं सरकार, आणि पैसे द्यायची वेळ आली की तेच सरकार घरी नसतं. हिवाळ्यात गॅस बंद, मग जाळा काळं तेल, मग गावातल्या म्हाताऱ्यांनी खोकत बसा. इरज आगांना केंद्राच्या जमिनीच्या किमतीची आशा होती. एकदा असाच वाद रंगात आला असताना वीज गेली. पडदा काळा झाला, समोवारचा लाल दिवा विझला. अंधारात रुस्तम आगा शांतपणे म्हणाले, "घ्या. कंपनीचा अहवाल आला."

तीन आठवड्यांनी नेमत आगा टोपी हातात घेऊन उभे राहिले. त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. शस्त्रक्रिया करायची तर खासगी रुग्णालयात, आणि तिथे आधी पैसे. मला रांगेत उभं राहायची परवानगी द्या, म्हणाले. शपथ तुम्हा चौघांसमोर घेतली आहे, तुम्ही सोडलं तर सुटेन.

मन्सूर आगा घसा खाकरत राहिले. इरज आगांनी मान खाली घातली. बोलले ती मी.

"नेमत आगा, तुमच्याच शब्दाखातर आपण शपथ घेतली. आता गरज पडली म्हणून मोडायची, तर मग ती शपथ कसली?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. मान हलवली, टोपी घातली आणि आपल्या खुर्चीवर बसले. आता मी रोज स्वतःला समजावते की परवानगी दिली असती तरी तीन कोटींच्या रांगेत त्यांचा नंबर शेवटी लागला असता, एक शेअर खपला नसता. हिशेब बरोबर आहे. पण मी तसं का बोलले याचं उत्तर त्या हिशेबात नाही. चोराने दुसऱ्याला चोर म्हणावं तशी मी त्या दिवशी बोलले.

पंधरा दिवसांत ते गेले. सातव्या दिवशी त्यांच्या घरी बायकांच्या खोलीत मी त्यांच्या बायकोजवळ, तूरान खानुमजवळ बसले होते. तिने माझा हात धरून विचारलं, "बद्री जान, त्याचं ते फानूस बुडणार का गं?" मी काय सांगणार होते? म्हटलं, नाही. नेमत आगा बरोबर होते, फानूस सोडू नका.

अकराव्या दिवशी नऊ वाजता आम्ही चौघं पडद्यासमोर बसलो होतो. नेमत आगांची खुर्ची रिकामी. फानूसची ओळ हलली. झालेले व्यवहार: एक. शेअर: चारशे सतरा.

रुस्तम आगांच्या हातातला चहा त्यांच्या कोटावर सांडला. इरज आगांनी तिथल्या तिथे मृतांसाठी म्हणतात ती फातिहा म्हणायला घेतली. मन्सूर आगा उठून पडद्याजवळ गेले, चष्मा वर केला, परत खाली केला. तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला, बारीक, दोनदा. मी हात धुवायच्या निमित्ताने बाहेर गेले आणि मेसेज उघडला. 'फानूस. आपले ४१७ शेअर विकले गेले.'

मी नळ सुरू केला आणि बंद करायला विसरले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. नऊ वाजले की पडद्यावर चारशे सतरा आणि माझ्या पर्समध्ये दोन बारीक ठोके. दिवसभरात दुसरा एकही व्यवहार नाही. तीन कोटी शेअर विकायला काढलेत, सगळ्या देशात त्यांना गिऱ्हाईक एकच, आणि ते गिऱ्हाईक फक्त माझ्याकडून घेत होतं. रांगेत पहिली मीच होते ना. मी फोनचा आवाज बंद केला; तरी बरोबर नऊला माझ्या मांडीवरची पर्स मला जड लागायची. रात्री झोप लागायची, तक्रार झोपेची नव्हती. भीती वाटायची ती सकाळची, ऊन खिडकीत आलं की.

हॉलमध्ये वेगळंच चाललं होतं. पहिला आठवडा सगळे घाबरले. नेमत आगांच्या खुर्चीशेजारी कोणी बसेना. त्यांचा ग्लास रोज भरून खुर्चीसमोर ठेवायची पद्धत इरज आगांनी सुरू केली. दुसऱ्या आठवड्यात मात्र भीतीची जागा उत्साहाने घेतली. मन्सूर आगा म्हणाले, तिकडे गेलेल्या माणसाला इकडच्यापेक्षा जास्त दिसतं, तो घेतोय म्हणजे नक्की काहीतरी आहे. टर्बाइन दुरुस्त होणार. रुस्तम आगांनी विचारलं की मेलेल्या माणसाकडून मिळालेली बातमी आतली धरायची की बाहेरची. सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की कंपनीवर विश्वास ठेवायला आमच्याजवळ आता ते भूत सोडून काही उरलं नव्हतं. पुढच्या महिन्यात भागधारकांची सभा होती. मन्सूर आगा सगळ्यांना बजावत होते, धरून ठेवा, नेमतच्या आत्म्याला लाज आणू नका. हे बोलताना त्यांनी छातीवर हात ठेवला होता.

चाळिसाव्या दिवसाचा विधी होता त्या गुरुवारी मी कबरस्तानातून परस्पर तूरान खानुमच्या घरी गेले. बाकीच्या बायका हलवा खाऊन गेल्या, मी मागे राहिले. खोलीत थंडी होती. शेगडी बंद. तिने आत जाऊन चहा आणला, बरोबर बशीत थोडे बेदाणे. यझ्दच्या घरात पाहुण्याला बदामाचं सारण भरलेल्या कोत्ताबांशिवाय चहा देत नाहीत. त्यात ती तर स्वतः इतके सुंदर कोत्ताब करायची की नेमत आगा डबा भरून हॉलमध्ये आणायचे. मी खाली बघितलं. जमिनीवर मधोमध मोठा चौकोन बाकी फरशीपेक्षा उजळ दिसत होता. तिथला गालिचा गेला होता. तिच्या लग्नातला, तिच्या आईने विणलेला.

कोनाड्यात नेमत आगांचा फोटो होता, आणि फोटोसमोर त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला.

मी त्या फोनकडे बघतेय हे तिने बघितलं. सहज म्हणाली, "रोज सकाळी मी लावते ना. पावणेनऊला." आणि फोटोच्या मागून एक कागद काढला. नेमत आगांचं अक्षर, कंट्रोल रूमच्या नोंदवहीत लिहितात तसं, ठसठशीत. फोन उघड. हिरवं चित्र दाब. फानूस निवड. खरेदी. संख्या ४१७. भाव सगळ्यात खालचा. मग माझी आठवण काढ आणि बटण दाब.

"खातं अजून त्याच्याच नावावर आहे," ती म्हणाली. "गेल्याचं मी ब्रोकरला कळवलं नाहीये. पेन्शन येते ती त्यातच घालते."

मला बसवेना. पेन्शन सगळी त्यात जात असणार, आणि त्यावर गालिचा. मी विचारलं, अगं पण का? एवढी आशा आहे तुला त्या कंपनीची?

"मला काय कळतं त्यातलं? आता तर एकाच टर्बाइनचा आवाज येतो." तिने भिंतीला तळवा टेकवला, नेमत आगा टेकवायचे तसा. "दवाखान्यात त्याने सांगितलं. म्हणाला, मी चौघांपुढे हात पसरला तेव्हा मला कळलं गरज म्हणजे काय ते. त्या दिवशी नोटीस लागायच्या आधीच फोनवर विकणारे दिसत होते, ते आपल्या हॉलमधलेच असणार, बाहेरच्या कोणाला माहीतच नव्हतं. त्यांनी मीठ मोडलं म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा मोठी नड असणार. रोज त्यांच्याकडून थोडे घेत जा, तूरान. त्यांचं ओझं उतरू दे."

मी रडणाऱ्यातली नाही. पण बेदाण्याची बशी मला दिसेनाशी झाली.

"तूरान," मी म्हटलं, "ते शेअर माझे आहेत. सगळे. पहिल्या दिवसापासून तू माझेच घेत्येस."

भिंतीतून केंद्राची घरघर येत होती, एकाच सुरात. मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि खरं सांगते, तिने काढावं असंच मला वाटत होतं. त्याऐवजी तिने माझ्या ग्लासात आणखी चहा ओतला आणि विचारलं, "मग भागली का नड?"

भागली, मी म्हटलं. शेकूफेचं सगळं सांगितलं. तिचे पैसे परत देते म्हटलं, तर म्हणाली, मी तुला उसने दिले नव्हते, विकत घेतलंय. मग मी तिला हात जोडून सांगितलं, बंद कर हे, गालिचा गेला, उद्या घर जाईल, ती कंपनी काही उठत नाही, तुला सातव्याला मी खोटं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "त्याने सांगितलंय, हॉलमधलं शेवटचं माणूस रांगेतून सुटेपर्यंत. तू सुटलीस, चांगलं झालं. पण तुझ्या मागे कोण आहे?"

"माझ्या मागे कोणी नाही. मीठ मी एकटीने मोडलं."

"ते तुला कसं माहीत?" ती म्हणाली. "सगळे सुटले की मला सांग. तोवर मी बटण दाबणार."

शुक्रवार कसा गेला ते मला आठवत नाही. शनिवारी सकाळी आठला, घरातून निघायच्या आधी, मी माझी ऑर्डर रद्द केली. आता मी रांगेत नव्हते. आता चारशे सतरा शेअर कोणा अनोळखी माणसाचे जातील, मग मी तूरानला सांगेन की संपलं. हॉलमध्ये जाऊन बसले तेव्हा महिनाभरात पहिल्यांदाच माझी पर्स मला हलकी वाटली.

मन्सूर आगा सभेची तयारी करत होते. भागधारकांच्या सभेत उठून काय विचारायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं आणि ते आम्हाला मोठ्याने वाचून दाखवत होते. संचालकांनो, आम्ही छोटी माणसं, आम्ही संकटात कंपनीला सोडलं नाही, आता तुम्ही आम्हाला सोडू नका. वाक्य चांगलं होतं. नऊ वाजले. पडद्यावर चारशे सतरा आले.

आणि मन्सूर आगांच्या कोटाच्या खिशात फोन वाजला. बारीक, दोनदा.

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. मन्सूर आगांनी वाचणं थांबवलं नाही. फक्त डाव्या हाताने खिसा दाबून धरला, आणि पुढची ओळ त्यांनी दोनदा वाचली.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग मला दिसलं की रुस्तम आगाही त्यांच्या खिशाकडेच बघत होते, आणि इरज आगा आपल्या बुटांकडे. कोणालाच आश्चर्य वाटलेलं नव्हतं. त्या क्षणी मला जी भीती वाटली ती नेमत आगांच्या भुताने कधी वाटली नव्हती. नोटीस लागली त्या दिवशी पावणेनऊला आम्ही चौघंही आपापल्या घरात फोन धरून उभे होतो. मग साडेनऊला इथे येऊन एकमेकांसमोर हळहळलो. आणि ज्याने आम्हाला विश्वासाने सांगितलं तो एकटा आमच्यासमोर टोपी काढून उभा राहिला होता.

"मन्सूर आगा," मी म्हटलं, "तो मेसेज वाचून दाखवा."

"नातीचा असेल."

"नातीचा नाही. फानूसचा आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तो रोज मला येत होता." माझा आवाज वर्गात असायचा तसा येत होता. "रांगेत पहिली मी होते. आज सकाळी निघाले. मेलेलं माणूस शेअर घेत नसतं. तूरान घेत्येय. पेन्शन घालून, गालिचा विकून. आपल्याला काहीतरी नड असेल म्हणून."

मन्सूर आगा उभे होते ते खाली बसले. त्यांच्या कागदाला घडी पडली. एवढा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे. पुटपुटले की धाकट्याने दुकानावर कर्ज करून ठेवलं होतं, घरात कोणाला माहीत नाही. कोणी त्यांना काही विचारलं नव्हतं.

रुस्तम आगा कोरडं हसले. "मी समजत होतो रांगेत दुसरा मी आहे," ते म्हणाले, "म्हणजे तिसरा." त्यांनी फोन काढून टेबलावर ठेवला. त्यांना काही नड नव्हती, फक्त भीती होती, हेही त्यांनीच सांगितलं, आणि ते सांगायला मला वाटतं जास्त धैर्य लागलं असेल. इरज आगा केव्हाचे रडत होते. त्यांच्याकडून कारण काढायला आम्ही गेलो नाही.

तिघांनी एकमेकांसमोर आपापली ऑर्डर रद्द केली. मन्सूर आगांच्या बोटाला बटण सापडेना, ते मी दाबून दिलं. मग मी हॉलच्या दाराशी जाऊन तूरानला फोन लावला आणि सांगितलं, सुटले सगळे. ती विचारेल कोण कोण, असं वाटलं होतं. तिने विचारलं नाही. म्हणाली, "बरं झालं. त्याला सांगते," आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही नेहमीसारखे साडेआठला जमलो. का, ते सांगता येत नाही. इरज आगांनी पाच ग्लास भरले आणि पाचवा खुर्चीसमोर ठेवला. कोणी कंपनीबद्दल बोललं नाही. टर्बाइन, सरकार, जमीन, काहीच नाही. नऊ वाजले तसे आम्ही चौघांनी पडद्याकडे बघितलं.

विकणारे तीन कोटी. घेणारे शून्य. झालेले व्यवहार शून्य.

सव्वानऊपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो. गेला महिनाभर मी त्या आकड्याला घाबरत होते, आणि आता तो यावा म्हणून माझा जीव कासावीस झाला. साडेनऊला इरज आगा उठले, खुर्चीसमोरचा थंड झालेला चहा त्यांनी मोरीत ओतला आणि ग्लास धुऊन पालथा घातला.